पुढे येण्याची खूण

१

माझी बायको रात्रीच्या शहराचे फोटो काढायची आणि मी टॉर्च धरायचो. आमच्या संसारात कामांची एवढी एकच वाटणी बिनतक्रार चालली. बाकी भाजी कोणी आणायची इथपासून वाद होते.

तिला फ्लॅश चालायचा नाही. रस्त्यावर जो उजेड असेल तो घ्यायचा, आपल्या पदरचा घालायचा नाही. बंद होत आलेल्या दुकानाची पाटी, न्हाव्याच्या आरशावर राहून गेलेला बल्ब, रिकाम्या बसमधला पिवळट दिवा. "आहे त्या उजेडात भागवू," असं म्हणायची, आणि तिच्या तोंडी हे वाक्य घरखर्चालाही चालायचं.

तिचा कॅमेरा जुना, सगळं हाताने करावं लागणारा. काळोखात फोकस लावायचा तर समोर एखादा ठिपका दिसावा लागतो. तो ठिपका म्हणजे मी. चित्राचा जीव जिथे आहे असं तिला वाटे, तिथे मी टॉर्च छातीशी धरून उभा राहायचो. ती ठिपक्यावर फोकस लावायची, मी टॉर्च विझवायचो, मग ती शटर उघडायची आणि ते बराच वेळ उघडं राहायचं. तेवढ्या वेळात समोरून कितीही माणसं चालत गेली तरी ती फिल्मवर उमटत नाहीत. उभं राहिलेलं तेवढं उमटतं. मी काळा कोट घालून, पाठ जराशी वळवून, जागचा न हलता उभा असायचो. त्यामुळे तिच्या प्रत्येक फोटोत कुठेतरी एक काळी उभी आकृती आहे. लोकांना तो खांब वाटतो. एका प्रदर्शनात एका गृहस्थांनी तिला विचारलं, "बाई, हा खांब सगळीकडे कसा काय?"

"लग्नात मिळालाय," ती म्हणाली.

तेव्हापासून मी घरात खांब. फोन आला की ती सांगायची, "खांब आत लिहीत बसलेत, नंतर करा."

वरच्या मजल्यांवर माणसं झोपलेली असतात म्हणून ती हाका मारायची नाही. ट्रायपॉडचा पाय मुठीत धरून त्यावर अंगठी वाजवायची. एक टक म्हणजे पाऊलभर मागे जा. दोन म्हणजे जागा बरोबर आहे, विझव. एवढ्या दोनच खुणा. पुढे ये अशी खूण नव्हती, कारण ती मला आधी जवळ उभं करायची आणि मग मागे मागे सरकवत न्यायची. फोटो झाला की तीच मला न्यायला यायची, पण चौकटीतून चालत नाही. चहाच्या थर्मासची जड पिशवी एका खांद्याला अडकवून, बाजूने वळसा घालून माझ्या मागून यायची. थर्मासचं झाकण फिरल्याची किरकिर कानामागे ऐकू आली की समजायचं, झालं. तोवर वळून बघायचं नाही. "खांब वळतात का कधी?"

शेवटच्या वर्षी तिची बोटं वाळली आणि अंगठी निसटायला लागली. तिने तळहाताच्या बाजूने अंगठीला दोरा गुंडाळला. तेव्हापासून त्या टकचा आवाज बद्द झाला, भरलेल्या बादलीवर टिचकी मारल्यासारखा.

मग ती गेली.

२

आमचं दोघांचं एक पुस्तक व्हायचं होतं. फोटो तिचे, खालचा मजकूर माझा. संपादकांचा फोन आला. ते फार हळू बोलत होते, जसं लोक माझ्याशी हल्ली बोलतात.

"आहेत तेवढ्यात काढू पुस्तक, सर. शेवट जरा उघडा वाटेल, इतकंच."

ते बरोबर होते, आणि म्हणूनच मला ते लागलं. दवाखान्यात पडल्या पडल्या ती राहून गेलेल्या जागा सांगायची: बसचा डेपो, रुळांवरचा पादचारी पूल, आणि नावा लागतात तो लाकडी धक्का. "धक्का शेवटी," म्हणायची. "तिथे रस्ता संपतो, पुस्तकही संपवू."

मी मुलीला सांगितलं, उरलेले फोटो मी काढतो.

"तू?" ती म्हणाली. "बाबा, तुला घरातला फ्यूज बदलता येत नाही."

"तुझ्या आईने मला सगळं शिकवलंय."

"तिने शिकवलं असेल. तू शिकलास का?"

आमची मुलगी कानाच्या दवाखान्यात तपासनीस आहे. काचेच्या खोलीत माणसांना बसवते, कानावर हेडफोन चढवते, आणि आवाज आला की बोट वर करा म्हणते. घरात मी तिच्या हाकेला ओ दिली नाही की ती नुसतं बोट वर करून दारात उभी राहते. लहानपणापासून बाथरूमच्या लाल दिव्यात आईशेजारी बसून प्रिंट काढायची, म्हणून तिची आई तिला उंदीर म्हणायची. ती मोठी झाली, नोकरीला लागली, तरी उंदीरच राहिली.

जेवण झाल्यावर मी डेपोत गेलो. चौकीदार ओळखीचा, त्याने काही विचारलं नाही. बसगाड्या रांगेत झोपलेल्या होत्या. एकीतच दिवा होता आणि आत कोणीतरी पोछा मारत होतं. त्या एका उजळ बसच्या मागे बाकीच्या काळ्या पडत गेल्या होत्या. मी ट्रायपॉड उभा केला, कॅमेरा चढवला, शटरची केबल लावली. तिच्या टोकाला बटण असतं आणि बटणाला एक बारीक स्क्रू. बटण दाबून स्क्रू आवळला की शटर उघडं राहतं. सगळं नीट झालं. मग मी कोटाच्या खिशातून टॉर्च काढला, चालत त्या बसपाशी गेलो, छातीशी टॉर्च धरून उभा राहिलो आणि वाट बघू लागलो.

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की कॅमेऱ्यामागे कोणीच नाही.

मला हसू आलं. मग नाक पुसावं लागलं. इतकी वर्षं पाय ज्या बाजूला गेले त्याच बाजूला गेले, त्यांची काय चूक. परत फिरणार, तेवढ्यात ऐकू आलं.

टक.

मला काही सुचायच्या आत मी एक पाऊल मागे गेलो होतो. पुन्हा एक. पुन्हा एक पाऊल. मग दोन लागोपाठ, आणि माझ्या अंगठ्याने टॉर्च विझवला.

 मी हललो नाही. बसमध्ये पोछ्याची बादली सरकल्याचा आवाज आला. ट्रायपॉड थंडीने आखडला असेल, लोखंड तसं वाजतं, असं मी स्वतःला समजावलं, आणि ते पटल्यावर सरळ चालत कॅमेऱ्यापाशी आलो.

तिथे कोणी नव्हतं. केबलचं बटण दाबलेलं होतं. स्क्रू आवळलेला होता.

निघण्याआधी मीच दाबलं असणार. गेल्या काही महिन्यांत मी चहात मीठ घातलंय, चप्पल फ्रिजवर ठेवलीय. मी स्क्रू सैल केला. शटर मिटलं.

३

बाथरूमच्या खिडकीला काळं कापड, नळावर आडवी फळी, फळीवर ट्रे. लाल दिव्यात मुलगी उलट्या बादलीवर बसली होती आणि मी दाराला टेकून उभा होतो. कागदावर हळूहळू बस आली, खिडक्या आल्या, चाकाचे नटसुद्धा आले. आणि बसच्या कडेला मी.

"चांगला आलाय की," ती म्हणाली, आणि तिला वाटलेलं आश्चर्य तिने लपवलं नाही. "हा तू?"

"मीच."

"मग बटण कोणी दाबलं?"

"जाण्याआधी दाबून गेलो."

तिने कागद चिमट्याने उलटसुलट केला. "तसं असतं तर तुझ्या टॉर्चची रेघ आली असती. उघड्या शटरसमोर दिवा घेऊन चाललं की पांढरी रेघ उमटते. आईने गच्चीवर माझ्याकडून नाव लिहून घेतलं होतं ना."

ते खरं होतं. तो फोटो बाहेर पॅसेजमध्ये अजून आहे: काळ्या गच्चीवर उजेडाची वेडीवाकडी अक्षरं, आणि लिहिणारी पोर कुठेच नाही.

"मग विझवून, येऊन दाबलं असेल," मी म्हणालो.

"आणि पळत जाऊन परत उभा राहिलास? तू?"

ती हसली. मीही हसलो. आम्ही तो विषय तिथेच ठेवला. आमच्या घरात त्या वर्षी बऱ्याच गोष्टी अशा जिथल्या तिथे ठेवल्या जात होत्या.

रात्री आडवा पडल्यावर मला आठवलं, मी लेन्सवरच्या फोकसच्या कड्याला हातच लावला नव्हता.

४

पुलावर गेलो तेव्हा चुकून कॅमेऱ्यासमोर जाऊन उभा राहिलो असं म्हणता येणार नाही. मला काय करायचंय ते मला माहीत होतं.

पूल लांब, दोन्ही टोकांना जिने, मधे जाळीचे कठडे. खाली रुळांवर सिग्नलचा लाल उजेड, तो जाळीतून गाळून वर आलेला. मी कॅमेरा लावला. केबल मोकळी लोंबू दिली. बटण वर आहे ना, हे बोटाने चाचपून पाहिलं, आणि टॉर्च घेऊन चालू लागलो.

टक.

मी मागे गेलो. खालून गाडी आली की आवाज थांबे, गाडी गेली की पुन्हा सुरू होई, जसं ती करायची. मला दम लागेस्तोवर ती मला मागे नेत होती. दूरच्या जिन्यापाशी पोचलो तेव्हा कॅमेरा मला दिसेनासा झाला होता, पण आवाज तितकाच स्पष्ट होता. आणि तो बद्द होता. थंडीने लोखंड आखडतं हे मान्य, पण त्याला कोणी दोरा गुंडाळत नाही.

दोन टक. मी विझवलं.

मला भीती वाटली नाही. लिहायला संकोच वाटतो, पण मी सुखात होतो. कोणीतरी मला जागेवर उभं केलं होतं, जागा बरोबर आहे म्हणून सांगितलं होतं, आणि आता मला काही करायचं नव्हतं. ती गेल्यापासून मला कोणी असं उभं केलं नव्हतं.

मग माझ्या मागच्या जिन्यावर पावलं वाजली. कोणीतरी वर येत होतं, हळू. एक पायरी चढून थांबायचं, श्वास घ्यायचा, मग पुढची. शेवटच्या वर्षी आमच्या घराचा जिना ती अशीच चढायची, आणि मी दार उघडून वर उभा असायचो. मदतीला खाली आलेलं तिला आवडायचं नाही.

मी पळालो. वय झालेल्या माणसाचं पळणं जेवढं असतं तेवढा पळालो, कॅमेऱ्याकडे. तिथून वळून पाहिलं. जिन्यावरून पुलावर कोणीच आलं नाही. एखादा प्रवासी अर्ध्यावरून परत गेला असेल. बटण दाबलेलं होतं.

घरी आल्यावर मला पळाल्याची लाज वाटली. तिला चढायला एवढा त्रास होतो, आणि आपण थांबलो नाही.

५

मुलीने दोन्ही प्रिंट दोरीवर शेजारी टांगले. मग बाहेर गेली, आईचे जुने प्रिंट घेऊन आली आणि तेही ओळीने लावले. बराच वेळ पाहत राहिली.

"बाबा, तू लहान होत चाललायस."

"म्हणजे?"

"हे बघ ना. आईच्या फोटोत तू बोटाएवढा असायचास. डेपोत नखाएवढा. पुलावर तर काडी आहेस नुसती." तिने दिवा लावला. "बटण कोण दाबतं? खरं सांग. मी रागावणार नाही."

मी सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं, मधे एकदाही थांबवलं नाही. दवाखान्यातही ती अशीच ऐकत असेल.

"माझ्याकडे रोज माणसं येतात," ती म्हणाली. "मी आवाज सोडलेला नसतो आणि ती बोट वर करतात. खोटं नाही करत. वाट बघत असतात ना, मग ऐकू येतं."

"तसंच असेल."

"आणि बटण तूच दाबतोस, तुझ्या लक्षात राहत नाही."

"असेल."

"मग तसं वाटत का नाही तुला?"

 ती हात धुवायला वळली. मी कपाटातून तिच्या आईची डबी आणली, अंगठी काढली, दोरा होता तसाच होता, थोडा मळलेला. सहज, मला नक्की काय ऐकू आलं ते दाखवावं म्हणून, मी ती नळाच्या पाइपावर वाजवली. एकदाच.

ती पाठमोरी होती. साबणाचे हात तसेच धरून ती एक पाऊल मागे आली.

"आई, थां–" असं तिच्या तोंडून गेलं. कधीतरी तीही टॉर्च घेऊन उभी राहिली होती, हे मी विसरलो होतो.

नळ वाहत होता. तिने तो बंद केला, हात पुसले आणि माझ्या हातातून अंगठी घेऊन डबीत ठेवली.

"धक्क्यावर मी येणार आहे," ती म्हणाली.

"नको."

"का नको?"

 का नको ते मला माहीत होतं, आणि तिलाही. धक्क्यावर कुठवर मागे जाता येतं ते मला बघायचं होतं, आणि या वेळी मी पळणार नव्हतो.

"एक तर गेली," मुलगी म्हणाली. तिचा आवाज अगदी रोजचा होता. "दुसरा लहान होत चाललाय. मी घरी बसून काय करू, प्रिंट काढू?"

६

निघताना तिने डबी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत घेतली.

"ही आज इथेच राहील. कॅमेऱ्यामागे मी असेन. खुणा मी करीन. एक म्हणजे मागे, दोन म्हणजे विझव, बरोबर?"

"बरोबर."

"पुढे ये म्हणायचं असेल तर?"

"तशी खूण नाही."

"का?"

"कधी लागली नाही."

"कमाल आहे तुमच्या दोघांची," ती म्हणाली आणि माझ्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं.

धक्का पाण्यात दूरवर गेलेला आहे. सुरुवातीला एक दिवा, त्याच्या उजेडात फळ्या ओल्या दिसत होत्या. पुढे त्या राखाडी होत होत काळ्या झाल्या होत्या. दोन्ही बाजूंना बांधलेल्या नावा एकमेकींना घासून कण्हल्यासारखा आवाज करत होत्या. कठडा दोन्ही बाजूंना होता, टोकाला नव्हता. तिथे नावेत उतरतात.

मुलगी ट्रायपॉडशी खटपट करू लागली. मी टॉर्च लावून चालू लागलो, आणि थोडं गेल्यावर तिच्याकडे तोंड केलं.

टक.

मी मागे गेलो. दिव्याच्या उजेडात तिची आकृती दिसत होती. टक. टक. पोरगी आईसारखीच वाजवते, असं मनात आलं आणि बरं वाटलं. फळ्यांच्या फटींतून पाण्याचा वास येत होता. मी मागे जात होतो आणि ती लहान होत होती. तिने म्हटलं तसं, मीही तिकडून लहान होत असेन.

मग माझ्या लक्षात आलं की ती ट्रायपॉडला हात लावून उभी नाहीये. खाली वाकून पिशवीत काहीतरी शोधतेय.

टक, बद्द.

मी थांबायला हवं होतं. पाय थांबले नाहीत. घाई नव्हती, जबरदस्ती नव्हती. झोप लागताना अंगावर पांघरूण घालणाऱ्याला आपण अडवतो का? एक टक, एक पाऊल. विझवण्याची खूण येत नव्हती, म्हणजे जागा अजून बरोबर नव्हती. माझ्या टाचेला शेवटची आडवी तुळई लागली. तिच्या मागे पाणी.

आणि तिथे, जिथे उभं राहायला काही नाही तिथे, माझ्या कानामागे थर्मासचं झाकण किरकिरलं.

मानेवर वाफेसारखं ऊनऊन लागलं. मी डोळे मिटले. खांब वळत नाहीत, आणि वळायची गरजही नव्हती. एकच टक यायचा राहिला होता. तो आला. मी पाऊल उचललं.

खण खण खण.

हा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. उघडा, कर्कश, लोखंडावर लोखंड. तीन. तीनची खूण आमच्यात नव्हती, म्हणून पायांना काय करावं ते कळेना, आणि ते थांबले. उचललेलं पाऊल मी होतं तिथेच टेकवलं.

पुन्हा तीन. मग पुन्हा, घाईघाईने. मग थांबेचना. ती किल्लीने वाजवत होती. तेवढ्यात मला कळलं. शेजारच्या खोलीत आपलं मूल रडतंय हे झोपेतही कळतं, तसं.

मी डोळे उघडले. मागे न वळता, हलक्या आवाजात, नेहमी बोलायचो तसं म्हणालो, "उंदीर बोलावतोय. जातो मी."

 थोड्या वेळाने झाकण फिरल्याचा आवाज आला, उलट्या बाजूने. ते घट्ट लागेपर्यंत मी उभा राहिलो. मग टॉर्च तसाच छातीशी धरून पुढे चालू लागलो. धक्का किती लांब आहे ते मला तेव्हा समजलं.

मुलगी मला भेटायला अर्ध्यावर आली नाही. कॅमेऱ्यापाशीच उभी राहून किल्ली वाजवत राहिली, मी हाताच्या अंतरावर येईपर्यंत.

"कुठे चालला होतास?" तिचे दात वाजत होते. "मी एकदाही मागे जा म्हटलं नव्हतं. मी अजून फोकससुद्धा लावला नव्हता. तू आपला चाललाच आहेस."

"मला वाटलं तू वाजवतेयस."

"मी हे तीन वाजवले. एवढेच." तिने माझी बाही पकडली होती, ती घरी जाईपर्यंत सोडली नाही. दुसऱ्या हाताने तिने केबल उचलली आणि बघत राहिली.

"हे तू दाबलंस?"

"नाही. तू?"

स्क्रू आवळलेला होता. तो सैल करताना तिला नख लावावं लागलं.

७

तो प्रिंट काढायला आम्ही बरेच दिवस घेतले. रोज काहीतरी कारण निघायचं: रसायन संपलंय, उद्या लवकर जायचंय. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी तीच म्हणाली, "चल, बस दाराशी."

ट्रेमध्ये आधी दिवा आला. मग नावा, फळ्या. मग एक पांढरी रेघ. धक्क्याच्या टोकाशी केसासारखी बारीक, तिथून हेलकावत, कुठे थोडी थबकत, जाड होत होत थेट कॅमेऱ्यापर्यंत आलेली. मी कुठेच नव्हतो. चालणारी माणसं उमटत नाहीत.

"ही तू आलास ती," मुलगी म्हणाली. तिने बोट रेघेच्या वर धरून, कागदाला न लावता, टोकापर्यंत मागे नेलं. तिथे थांबलं.

रेघ जिथून सुरू होत होती, तिथून थोडं पलीकडे, एक काळी उभी, ठेंगणी आकृती होती. धक्क्याच्या कडेपलीकडे, असंही म्हणता येईल. लाल दिव्यात नक्की सांगता येत नाही. पण चित्रातली सगळ्यात रेखीव गोष्ट तीच होती. फोकस तिच्यावर होता. एका बाजूला किंचित कललेली, एका खांद्याला काहीतरी जड अडकवल्यावर माणूस कलतं तशी.

"हाही तूच," ती म्हणाली. "निघण्याआधीचा."

"हो. उभा होतो ना मी थोडा वेळ."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिच्यापेक्षा बराच उंच आहे, तिच्या आईपेक्षाही होतो. हे तिला माहीत आहे.

प्रिंट वेळेत दुसऱ्या ट्रेमध्ये टाकावा लागतो. तिथे तो पक्का होतो. नाही टाकला तर दिवा लागताच काळा पडतो आणि संपतो. तिने चिमट्यात कागद धरला होता. त्याच्या कोपऱ्यावरून थेंब पडत होते.

"टाकू?"

"टाक," मी म्हणालो.

तिने टाकला. दोघांनी मिळून ट्रे हळूहळू हलवला, तिची आई हलवायची तसा, एक कोपरा उचलून.

संपादकांना फोटो आवडला. "ही रेघ फार छान आलीय," ते म्हणाले. "पण मागे टोकाला एक खांब दिसतोय, सर. तो काढून टाकू का? चित्र स्वच्छ होईल."

"राहू दे," मी म्हणालो. "आमच्या घरातलाच आहे."

८

पुस्तक निघालं. कॅमेरा पिशवीत घालून माळ्यावर ठेवला. मी रात्री बाहेर जात नाही, आणि मला कोणी जाऊ नको म्हणतही नाही.

मुलीची खोली माझ्या खोलीला लागून आहे. कपाटाची किल्ली ती अजून स्वतःकडे ठेवते. झोपण्याआधी ती त्या किल्लीने मधल्या भिंतीतल्या पाइपावर तीनदा वाजवते. पहिल्यांदा वाजलं तेव्हा मी उठून तिच्या दारात गेलो.

"काय गं?"

"काही नाही. येतोस का बघत होते."

आता मी उठत नाही. इकडून बोट वर करतो. तिला दिसत नाही, पण तिला माहीत आहे.

काल मी वाचत पडलो होतो. खण खण खण झालं. मी बोट वर केलं, पुस्तक मिटलं. तिच्या खोलीतला दिवा गेला, पलंग कुरकुरला, आणि घर निवांत झालं. माझा दिवा जळत होता. मी तसाच उताणा पडून राहिलो. थोड्याच वेळाने, कुलूपबंद कपाटाकडून की त्याच्याही पलीकडून, मी शोधायला गेलो नाही, अगदी हलके, लागोपाठ, बद्द आवाजात दोन वाजले.

मी हात लांब केला आणि दिवा विझवला.